तांडेलकाकांची बेटं

तांडेलकाकांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. मस्कतमध्ये अल् घुब्राच्या आमच्या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी जिन्यात त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, "कोल्हापूर." झालं! तेव्हापासून मी कोल्हापूर. नवरा साताऱ्याचा, म्हणून तो सातारा. आमच्या घरात जरा भांड्याला भांडं लागलं की वरच्या बाल्कनीतून आवाज यायचा, "सातारा, माघार घे रे! कोल्हापूर तापलंय!" आता सांगा, माणसानं भांडायचं तरी कसं?

हे गावाचं खूळ त्यांच्या डोक्यात एका पाखरानं भरवलं होतं. काका मूळचे गुहागरकडचे. मस्कतला येऊन केटरिंग कंपनीत सुपरवायझर होण्याआधी ते बोटीवर कुक होते. ती बोट केळी वाहायची आणि त्या निमित्तानं कॅरिबियन समुद्रातल्या बेटाबेटांना लागायची. तिथं म्हणे एक पाखरू आहे. आपल्या शिंजिराएवढंच, वाकड्या चोचीचं, पाठ काळसर, पोट पिवळंधमक आणि डोळ्यावर पांढरी भुवई. इंग्रजीत त्याला बनानाक्विट म्हणतात. पण ते साखरेवर तुटून पडतं म्हणून काकांनी त्याचं बारसं केलं, साखरखाऊ. बोट धक्क्याला लागली की काका स्वयंपाकघराच्या खिडकीत साखरेची वाटी ठेवायचे, की पाखरू हजर. बहामाला आलं त्याचा गळा पांढरा. पोर्तो रिकोला आलं त्याचा गळा राखाडी. आणि ग्रेनाडाला जे आलं ते चोचीपासून शेपटीपर्यंत काळंकुट्ट, तव्याच्या बुडासारखं. काकांनी त्याला कावळ्याचं पिल्लू समजून हाकललं. तेव्हा धक्क्यावरचा एक म्हातारा हसून म्हणाला, अरे बाबा, हाही तोच. जात एकच आहे, बेट बदललं की कपडे बदलतात.

"कोल्हापूर, त्या दिवशी माझे डोळे उघडले," काका सांगायचे. मी ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की आता काका चुकले तर मी दुरुस्त करू शकते. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसालाही त्यांनी ती ऐकवलीय. बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन ग्रेनाडापर्यंत उभा राहिला.

मस्कतच्या बाल्कनीतही काकांची साखरेची वाटी असायचीच. तिथं बुलबुल यायचे, मैना यायच्या, आणि मुंग्या तर सहकुटुंब सहपरिवार यायच्या. खालच्या मजल्यांवरून तक्रारी गेल्या आणि एका दुपारी घरमालक स्वतः आला. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा घातलेला, चांगला धिप्पाड ओमानी माणूस, निझवाचा. तो रागानं लाल होऊन वर गेला. काकांनी त्याला बसवलं, खजूर आणि कॉफी पुढं केली आणि म्हणाले, "या, निझवा! तुमच्याकडचा शिंजीर पाहिलात का नीट? आमच्या गुहागरच्यापेक्षा याची चोच जराशी आखूड आहे." ऊन उतरेपर्यंत मालक खाली आला नाही. आला तेव्हा डोकं धरूनच. "खलास," तो वॉचमनला म्हणाला, "म्हाताऱ्याला साखर ठेवू दे. पण मला परत वर पाठवू नका."

सुमनकाकूंना या पाखराचा मनस्वी कंटाळा होता. "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, हे बोटीवरून येतील तर साड्या आणतील, अत्तर आणतील," त्या म्हणायच्या. "हे आले ते गळ्यांचे रंग घेऊन!" काकू म्हणजे कडक काम. बोटभर बाई, पण बोलायला लागली की समोरच्याची बोलती बंद. बोटीवर शेकड्यांनी पोळ्या लाटलेल्या नवऱ्याला त्यांनी घरच्या ओट्यापाशी कधी फिरकू दिलं नाही. चहासुद्धा काकांनी मागून घ्यायचा.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात काकांना पाच मिनिटं बोलायला दिली. कुणी दिली ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण नंतर कुणी कबूलच केलं नाही. काका माइकवर गेले आणि म्हणाले, "मंडळी, मस्कतमधला मराठी माणूस ही एकच जात, पण तिच्या उपजाती तीन." आम्ही सरसावून बसलो. "पहिली, घुब्रा उपजात. ही शाळेच्या आसपास आढळते. गळ्यात कंपनीचा पट्टा, पंखाखाली पोरांची दप्तरं. आवाज, 'ट्यूशन, ट्यूशन'. दुसरी, रुवी उपजात. ही थव्यानं राहते. शुक्रवारी दोन्ही पंजांत पिशव्या घेऊन रस्ता ओलांडताना दिसते. आवाज मोठा, मन त्याहून मोठं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. "आणि तिसरी, अल हैल उपजात. समुद्राच्या वाऱ्यावर प्रशस्त घरटं. गाडी घरट्यापेक्षा मोठी. इतर उपजातींत फक्त गणपतीत मिसळते, आणि तेही पहिल्या रांगेत." मंडळाचे अध्यक्ष अल हैलचे. ते पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या हातातला तिळाचा लाडू तसाच राहिला. पुढं काकांना माइक म्हणून कुणी दिला नाही, पण त्या दिवसापासून सगळं मस्कत एकमेकांना उपजातींवरून चिडवायला लागलं.

असे हे काका एका सकाळी माझ्या दारात येऊन नुसते उभे राहिले. हाक नाही, कोल्हापूर नाही, काही नाही. चेहरा पडलेला. मी म्हटलं, "काका, काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?"

"ती बरी आहे. तिच्यामुळं बाकी कुणी बरं नाही," काका म्हणाले. "सायलीनं पोरगा पसंत केलाय."

सायली ही त्यांची एकुलती एक लेक. मस्कतमध्येच लहानाची मोठी झालेली. इंग्रजी पोपटासारखं, मराठी मात्र अडखळत. आईला "तू माझ्यावर ओरडू नको कर" असं म्हणणारी, पण गुणी पोर. एका तेल कंपनीच्या ऑफिसात नोकरीला होती. तिथंच हा इंजिनिअर भेटला. नाव केव्हिन रामकिसून. गाव त्रिनिदाद. म्हणजे तेच, काकांच्या साखरखाऊच्या बेटांपैकी एक! त्याचे पणजोबा का खापरपणजोबा हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून बोटीतून गेले होते, तेव्हापासून घराणं तिकडंच. केव्हिनचं इथलं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं आणि लग्न करून दोघं त्रिनिदादला जाणार होती.

"मग तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे," मी म्हटलं.

"मला झालाच की! पण सुमन नाही म्हणते. आणि सायली म्हणते, आईनं हो म्हटल्याशिवाय करणार नाही, आणि आईनं नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाशीही करणार नाही. पोरगी रडते आणि आई भांडी आपटते. कोल्हापूर, मधल्यामध्ये माझी अडकित्त्यातली सुपारी झालीय."

केव्हिन पहिल्यांदा घरी आला त्याची हकिकत काकूंनी मला स्वतः सांगितली. हकिकत कसली, फिर्यादच. पोरगा आला, वाकून पाया पडला, सोफ्यावर बसला. काकूंनी मनात प्रश्न तयार ठेवले होते. गोत्र, कुलदैवत, देवक, मूळ गाव. तेवढ्यात काकांनी विचारलं, "तुमच्याकडच्या साखरखाऊचा गळा कसा असतो?" पोरगा म्हणाला, "ग्रे, अंकल. आमच्या आजीच्या ओसरीवर रोज येतो." काका टुणकन उठले आणि त्यांनी पोराला मिठीच मारली.

"ऐकलंस?" काकू मला म्हणाल्या. "शिक्षण विचारलं नाही, घरदार विचारलं नाही. पाखराच्या गळ्याचा रंग विचारून मुलगी द्यायला निघालेत! अगो, पाच पिढ्या तिकडं गेलेली माणसं. ना गावाचा पत्ता, ना कुळाचा. आडनाव काय तर रामकिसून! ते नाव झालं की आडनाव झालं? आणि नाव केव्हिन. सणवार काय करतात, खातात काय, कोणाला ठाऊक? सोन्यासारखी पोर मी समुद्राच्या पार कुणाच्या हाती देऊ?"

खरं सांगते, मला काकूंचं चुकलं असं वाटलं नाही. आईच ती. तिच्या डोळ्यांत भीती दिसत होती.

काकांनी मग हट्टाला पेटून काकूंना शिकवायला घेतलं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी स्टीलच्या वाट्या मांडल्या. प्रत्येक वाटी एक बेट. बेट ओळखू यावं म्हणून वाटीत वेगवेगळं धान्य. बहामा म्हणजे उडदाची पांढरी डाळ, पोर्तो रिको म्हणजे राखाडी बाजरी, त्रिनिदाद म्हणजे चण्याची डाळ, आणि ग्रेनाडा म्हणजे काळे वाटाणे. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. "बघ सुमन, पाखरू एकच. हे इथून उडालं, तिथं जाऊन राहिलं. पिढ्या गेल्या, गळ्याचा रंग बदलला. पण भुवई बघ, चोच बघ, साखरेची आवड बघ. आतून तेच! तसाच हा पोरगा." काकू शांतपणे ऐकत होत्या. काकांना वाटलं, पटतंय. ते उत्साहानं नकाशाचं पुस्तक आणायला आत गेले. परत येऊन बघतात तर टेबलावरून ग्रेनाडा गायब.

"इथलं बेट कुठं गेलं?"

"भिजत घातलं," काकू म्हणाल्या. "उद्या उसळ लागेल ना डब्याला?"

शेवटी केव्हिननंच एक डाव टाकला. त्यानं त्रिनिदादहून आजीला बोलावून घेतलं. आईवडील नाहीत पोराला, आजीनंच वाढवलेलं. तिकडंही आजीला 'आजी'च म्हणतात, हे ऐकून काकू क्षणभर चमकल्या होत्या, पण लगेच सावरल्या. "येऊ दे आजीला. पुरणपोळीचं जेवण करते. बसू दे पंगतीला. कळेल त्यांना आपलं घर कसं आहे आणि कळेल मला त्यांचं." थोडक्यात, परीक्षा होती. सायलीनं त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

मी मदतीला गेले होते. चण्याची डाळ शिजून चाळणीत निथळत होती. मी कटाच्या आमटीची तयारी करत होते आणि काकू गूळ चिरायला बसणार, तेवढ्यात बेल वाजली. पाहुणे लवकर आले! काकू घरातल्या गाऊनवर. "अगो बाई, माझं पातळ!" करत त्या बेडरूममध्ये पळाल्या आणि दार लावून घेतलं.

आजी आत आली. ठेंगणीठुसकी, पांढरे केस, फुलाफुलांचा झगा, हातात सोन्याच्या बांगड्या. सोफ्यावर बसायचं सोडून ती वास घेत सरळ स्वयंपाकघरात. मी आपलं हसून नमस्कार केला. तिनं चाळणीतली डाळ दोन बोटांत दाबून बघितली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं. "चाइल्ड, हू बॉइल डाल सो सॉफ्ट?" मला म्हणाली. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तिनं मांडणीवरच्या डब्यांची झाकणं उघडून बघितली, जिरं काढलं, तव्यावर भाजलं, हळद घेतली, टोपलीतला लसूण सोलून घेतला, मिरची घेतली, आणि सगळं ठेचून त्या पुरणाच्या डाळीत!

"आजी, नो! नो गार्लिक! फॉर गॉड!" मी ओरडले. माझं इंग्रजी घाईत असंच होतं.

"यस, यस, गॉड गुड," आजी म्हणाली आणि डाळ कालवायला लागली.

नैवेद्याच्या पुरणात लसूण! दारात सायली पांढरीफटक. केव्हिननं डोळे मिटून घेतले. काका म्हणाले, "संपलं." फक्त आजीला कशाचीच खबर नव्हती. तिनं मळलेल्या कणकेचा गोळा घेतला, "बेलना?" म्हणून हात पुढं केला. मी लाटणं दिलं. "तवा?" तवा समोरच होता.

तेवढ्यात काकू आल्या. निऱ्या अर्ध्या खोचलेल्या, तोंडावर पावडर. लसणाचा वास त्यांना दारातच लागला. त्यांनी चाळणीकडं बघितलं. मग डाळीकडं. मी देवाचं नाव घेतलं. आता या म्हाताऱ्या बाईचं काही खरं नाही.

पण काकूंची नजर पुढं सरकली ती आजीच्या हातावर जाऊन थांबली. आजीनं उंडा भरला होता, तोंड मिटलं होतं आणि ती लाटत होती. पोळी वाढत चालली, वाढत चालली, पार पातळ झाली, पण कुठं फुटेना. डाळ अगदी काठापर्यंत सारखी पसरलेली. आजीनं ती हातावर घेतली, तव्यावर अलगद टाकली, बोटांनीच उलटली. पोळी टम्म फुगली. काकू हळूच म्हणाल्या, "काठापर्यंत गेलंय गो पुरण." हे वाक्य आमच्याकडं कुणाही सुनेला सहजासहजी मिळत नाही.

आजीनं पहिली पोळी काकूंपुढं धरली. काकूंनी तुकडा मोडला, तोंडात टाकला. चावत राहिल्या. सायलीनं माझा दंड एवढा गच्च धरला की वळ उठले.

"पुरणपोळीच आहे," काकू शेवटी म्हणाल्या. "गूळ तेवढा बोटीत राहिला बिचाऱ्यांचा."

सायली रडायलाच लागली. काकूंनी पदरानं हात पुसला, आजीचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच म्हणाल्या, "माझी पोर उपाशी राहायची नाही तुमच्याकडं. घेऊन जा." आजीला शब्द कळला नसेल, पण तिनं काकूंना छातीशी धरलं. दोघी एकाच उंचीच्या निघाल्या.

आता काका कसले गप्प बसतात! "बघ! बघ! मी म्हणत होतो ना, उपजात! ही तिकडची धालपुरी. मी त्रिनिदादच्या बंदरात, पोर्ट ऑफ स्पेनला, कितीतरी वेळा खाल्लीय!"

काकू गर्रकन वळल्या. "खाल्लीत?"

"हो, धक्क्याबाहेरच मिळायची."

"कुक होतात ना तुम्ही? लग्न झाल्यापासून पाखराचा गळा पांढरा का राखाडी हे ऐकवून माझा जीव खाल्लात, आणि ही पोळी कधी सांगितली नाहीत? ही सांगितली असतीत तर मी पहिल्याच दिवशी हो म्हटलं नसतं? चला, व्हा बाहेर!"

मग काकूंनी पुन्हा डाळ शिजत घातली, या वेळी गुळाची. दोघी बायकांनी मिळून लाटायला घेतलं. एक मराठीत बोलायची, दुसरी इंग्रजीत, आणि दोघीही सायलीची पोळी कशी फुटते यावर हसायच्या.

मी काकांना चहा द्यायला बाल्कनीत गेले. म्हटलं, जिंकलात की हो! पण काका खुर्चीत मान खाली घालून बसले होते. बुलबुल वाटीवर भांडत होते, तिकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"कोल्हापूर, ती हो म्हणाली," ते म्हणाले.

"मग झालं तर! आता काय?"

"आता काय, आता पोरगी जाणार." ते माझ्याकडं बघायला लागले. "इतके दिवस मी नुसता सुमनच्या तोंडून हो काढायच्या मागं होतो गं. माझं मला विचारायचं राहूनच गेलं."

मी चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसले.

लग्न मस्कतमध्येच झालं, झोकात झालं. अल हैलवाले अध्यक्षसुद्धा आले आणि पहिल्या रांगेतच बसले. पंधरवड्यानं दोघं निघाली, तेव्हा आम्ही सगळे विमानतळावर गेलो. भर दुपारची वेळ. काकू आणि मी रडत होतो, सायली रडत होती, केव्हिन बॅगा ढकलत सगळ्यांना सॉरी म्हणत होता. काका मात्र एकदम कामात. वजन बघितलं का, पासपोर्ट वरच्या खिशात ठेव, लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको, ते काढून घेतील. सायलीनं गळ्यात हात टाकले तेव्हाही ते तिच्या पाठीवर थोपटत म्हणत होते, "उशीर होतोय, यल्ला, यल्ला."

ती दोघं काचेच्या दारातून आत गेली. पलीकडं रांग लागली होती, तीत ती उभी राहिली. पोरगी सारखी मागं वळून हात हलवत होती. काका काचेला कपाळ लावून उभे होते. पन्नास पावलांवरच्या झाडावर बसलेल्या पाखराची भुवई ओळखणारा माणूस! मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"कोल्हापूर," ते अगदी हळू म्हणाले, "तिनं कुठल्या रंगाचं घातलंय, सांग ना. मला काहीच दिसत नाहीये."

"निळा कुडता आहे, काका."

"निळा? आईनं तर हिरवा घाल म्हणून सांगितलं होतं," काका म्हणाले आणि रुमालासाठी खिसे चाचपायला लागले. रुमाल काकूंनी केव्हाच घेतला होता आणि तो पिळावा इतका ओला झाला होता.